हजेरीचं नागरिकत्व

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बालाघाट जिल्ह्यातल्या माणसाची राजधानी बदलली. आदल्या दिवसापर्यंत ती नागपूर होती, आता भोपाळ झाली. हायकोर्ट नागपूरहून जबलपूरला गेलं. शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि त्यातलं गोंदिया, जिथे बालाघाटकर बाजारहाटाला आणि सोयरिकीला जायचे, परराज्यातलं गाव झालं. एवढी उलथापालथ झाली, तरी वारासिवनी, कटंगी किंवा लांजीतल्या कुणालाही एकसुद्धा अर्ज भरावा लागला नाही. माणूस आपल्या ओसरीवर बसून होता आणि सरकारांनीच आपापल्या सीमा हलवून घेतल्या.

याच तालुक्यांतली आजची पिढी उलट्या अनुभवातून जाते आहे. इंजिनीअरिंग नागपूर-जबलपूरला, पहिली नोकरी पुणे-हैदराबादला, तिथून न्यू जर्सी, टोरंटो किंवा मेलबर्न, हा रस्ता आता इथेही ओळखीचा झाला आहे. सीमा जागच्या जागी आहेत, माणूस फिरतो आहे. तिकडे पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, हाती आला की गावाकडच्यांना वाटतं, पोरगा आता तिकडचाच झाला. कायद्याच्या लेखी तो तिकडचा होण्याला अजून बरीच वर्षं असतात, आणि त्या वर्षांत त्याच्या कामापेक्षा, भरलेल्या करापेक्षा किंवा घेतलेल्या घरापेक्षा मोठी ठरते ती एकच गोष्ट: त्याचा देह रोज कुठल्या देशात होता.

साठपैकी बेचाळीस महिने

अमेरिकेचा मूळ नियम सांगायला सोपा आहे. ग्रीन कार्ड मिळाल्यावर पाच वर्षं सलग वास्तव्य आणि त्यातले किमान तीस महिने, म्हणजे ९१३ दिवस, प्रत्यक्ष अमेरिकेच्या भूमीवर. नागरिकाशी लग्न झालं असेल तर पाचाऐवजी तीन वर्षं आणि अठरा महिने. पाच वर्षांचा हा आकडा चांगलाच जुना आहे. १७९०च्या पहिल्या कायद्यात दोन वर्षं पुरत होती, १७९५ मध्ये ती पाच झाली, १७९८ मध्ये परक्यांच्या भीतीपोटी एकदम चौदा, आणि १८०२ मध्ये पुन्हा पाच. तेव्हापासून तोच पाया आहे.

गोंधळ होतो तो ‘सलग’ आणि ‘प्रत्यक्ष’ या दोन वेगळ्या अटी एकच समजल्यामुळे. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ एका दमात बाहेर राहिलात, तर सलगता तुटली असं कायदा गृहीत धरतो. ती तुटली नाही हे सिद्ध करणं तुमच्यावर. वर्षभर किंवा त्याहून जास्त बाहेर राहिलात, तर ती तुटलीच. मग घराचे हप्ते चालू होते, कर भरत होतो, मुलं तिथल्या शाळेत होती, या सबबी चालत नाहीत.

समजा, वारासिवनीच्या एका इंजिनीअरला जानेवारी २०१९ मध्ये ग्रीन कार्ड मिळालं. दोन वर्षं तो न्यू जर्सीत होता. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने त्याला पुण्याच्या केंद्रावर पाठवलं. जाण्यापूर्वी त्याने री-एंट्री परमिट काढलं, जे दोन वर्षांपर्यंत चालतं. जून २०२२ अखेर काम संपलं, १ जुलैला तो परतला. जानेवारी २०२४ मध्ये पाच वर्षं भरली. हिशेब मांडला तर साठपैकी बेचाळीस महिने तो अमेरिकेत होता, लागतात त्यापेक्षा पुरे बारा जास्त. तरीही अर्ज करायला तो अपात्र, कारण मधली अठरा महिन्यांची गैरहजेरी एका दमातली होती. री-एंट्री परमिटने त्याचं ग्रीन कार्ड वाचवलं. नागरिकत्वाचं घड्याळ वाचवणं हे त्या परमिटचं काम नव्हतंच.

मग त्याने करायचं काय? परतल्यापासून चार वर्षं आणि एक दिवस, म्हणजे २ जुलै २०२६पर्यंत थांबायचं. त्या दिवशी मागची पाच वर्षं पाहिली, तर त्यांत उरलेली गैरहजेरी एक वर्षाहून किंचित कमी भरते. पण ती सहा महिन्यांहून जास्त असल्याने सलगता तुटल्याचं गृहीतक कायम राहतं आणि अधिकाऱ्यासमोर पुरावे मांडावे लागतात. ते टाळायचं असेल, तर आणखी सहा महिने कळ काढायची आणि जानेवारी २०२७ मध्ये अर्ज करायचा. दीड वर्षाच्या पुणे मुक्कामाची किंमत झाली तीन वर्षं.

यावर कायद्यात एक वाट आहे. ती फार थोड्यांना माहीत असते, आणि माहीत होते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. एन-४७० नावाचा फॉर्म भरून, परदेशातल्या कामामुळे सलगता तुटू नये अशी मागणी करता येते. त्यासाठी ग्रीन कार्ड मिळाल्यावर आधी एक अख्खं वर्ष अमेरिकेत अखंड काढलेलं असावं लागतं. नोकरी अमेरिकी सरकारची, मान्यताप्राप्त अमेरिकी संशोधनसंस्थेची, विशिष्ट आंतरराष्ट्रीय संघटनेची किंवा अमेरिकेचा परदेशी व्यापार वाढवणाऱ्या अमेरिकी कंपनीची असावी लागते. फॉर्म बाहेर राहण्याचं वर्ष पुरं होण्याआधी भरावा लागतो. कंपनीची मालकी निम्म्याहून जास्त अमेरिकी हातांत असेल तरच ती ‘अमेरिकी’. म्हणजे भारतीय आयटी कंपनीचा माणूस त्याच कंपनीच्या पुणे कार्यालयात परत आला, तर हा फॉर्म त्याच्या उपयोगाचा नाही. आणि मागणी मंजूर झाली तरी सरकारी नोकरांसारखे मोजके अपवाद सोडले तर तीस महिन्यांची प्रत्यक्ष हजेरी कुणालाच माफ नाही.

या सगळ्याच्या आधीची वर्षं तर मोजणीतच नसतात. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं निघतात आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांतली सात टक्क्यांपेक्षा जास्त मिळू नयेत, असा १९९०च्या कायद्याचा दंडक आहे. भारतात जन्मलेल्यांची रांग त्यामुळे दशकाहून लांब झाली. त्या रांगेत एच-१बी व्हिसावर काढलेल्या वर्षांतला एक दिवसही नागरिकत्वाच्या पाच वर्षांत धरला जात नाही.

आई-वडिलांचं कोडं

एवढं करून नागरिकत्व हवं कशाला? ग्रीन कार्डवर नोकरी करता येते, घर घेता येतं, धंदा टाकता येतो. मतदानाचा हक्क आणि वजनदार पासपोर्ट ही उत्तरं खरी आहेत, पण मध्यमवर्गीय भारतीय घरात खरं कारण बहुतेक वेळा आई-वडील असतं. ग्रीन कार्डधारकाला आई-वडिलांसाठी कायम वास्तव्याचा अर्ज करता येत नाही. एकवीस वर्षं पूर्ण केलेल्या नागरिकाला येतो, आणि त्यावर वार्षिक संख्येची मर्यादाही नाही.

कोडं इथेच आहे. बालाघाटमध्ये आईचा पाय मोडल्याचं निमित्त झालं, वडिलांना उपचारांसाठी वारंवार नागपूरला न्यावं लागलं, की मुलगा किंवा मुलगी रजा टाकून येते, लॅपटॉपवर काम करत राहते, आणि तीन महिन्यांचे सात कधी होतात कळत नाही. आई-वडिलांना कायमचं जवळ नेण्यासाठी नागरिकत्व हवं आणि आई-वडिलांजवळ थांबलं की नागरिकत्वाचे दिवस गळतात. अर्जाच्या फॉर्मवर, एन-४०० वर, गेल्या पाच वर्षांतली चोवीस तासांहून मोठी प्रत्येक परदेशवारी तारखेनिशी लिहायची असते. ती कशासाठी होती, याने मोजणीत फरक पडत नाही.

दिवस भरल्यावर परीक्षा. २० ऑक्टोबर २०२५पासून अर्ज करणाऱ्यांसाठी प्रश्नसंच शंभरावरून १२८ प्रश्नांचा झाला. वीस विचारतात, बारा बरोबर यावे लागतात. आधी दहातले सहा पुरायचे. नागपूर विद्यापीठाच्या परीक्षा दिलेल्या माणसाला याची भीती वाटत नाही. त्याची झोप उडते ती जुन्या पासपोर्टवरचे पुसट शिक्के पाहून.

कॅनडाचे दोन गल्ले

कॅनडाचा हिशेब अधिक सुटसुटीत आहे: मागच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस. ऑक्टोबर २०१७पूर्वी हाच आकडा सहा वर्षांत १,४६० होता. पीआर मिळण्याआधी विद्यार्थी किंवा कामगार म्हणून काढलेला प्रत्येक दिवस अर्धा धरतात, असे जास्तीत जास्त ३६५ दिवस. म्हणजे अमेरिका ज्या वर्षांकडे पाहतही नाही, ती कॅनडा निम्म्या भावाने तरी घेतो.

पण इथेही परदेशी नेमणुकीत फसायला होतं. पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस लागतात. कॅनेडियन कंपनीने पूर्णवेळ नोकरीवर बाहेर पाठवलं, तर ते दिवस या ७३०मध्ये धरले जातात. नागरिकत्वाच्या १,०९५मध्ये मात्र धरले जात नाहीत. तिथे सूट आहे ती सैन्यातल्या किंवा सरकारी सेवेतल्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला. कार्डाचं नूतनीकरण बिनतक्रार होतं, म्हणून माणूस निश्चिंत राहतो, आणि नागरिकत्वाचा अर्ज भरायला बसल्यावर लक्षात येतं की दुसरा गल्ला रिकामाच आहे.

ब्रिटनमध्ये मोजणी गैरहजेरीची: पाच वर्षांत ४५० दिवसांपेक्षा जास्त नको, शेवटच्या वर्षात ९० पेक्षा जास्त नको. शिवाय अर्जाच्या तारखेपासून बरोबर पाच वर्षांपूर्वीच्या दिवशी तुम्ही त्या भूमीवर असायला हवं. त्या दिवशी तुम्ही गोंदियाला लग्नात असाल, तर अर्जाची तारीख पुढे सरकवा. ऑस्ट्रेलिया चार वर्षांत बारा महिने बाहेर राहू देते आणि शेवटच्या वर्षात ९० दिवस. मात्र ज्यांचं कामच फिरतीचं आहे, अशा विमान-जहाजांवरच्या आणि काही ठरावीक पेशांतल्या लोकांसाठी तिने वेगळी अट ठेवली आहे: चार वर्षांत ४८० दिवस आणि त्यांतले १२० शेवटच्या वर्षात. काम माणसाला बाहेर नेतं, हे कायद्यात इतक्या उघडपणे कबूल करणारे देश थोडे.

दिवस मोजण्याआधी रंग मोजत

दिवसांची ही मोजणी जाचक वाटते, पण तिच्या आधीचं माप याहून वाईट होतं. अमेरिकेत १७९०पासून नागरिकत्व ‘मुक्त गोऱ्या व्यक्तीं’साठी होतं. १८७० मध्ये त्यांत आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. हिंदी माणूस गोरा की नाही, हे प्रत्येक न्यायालय आपल्या मनाने ठरवी. मुंबईचे पारशी भिकाजी बलसारा यांना १९१० मध्ये अपील न्यायालयाने ‘गोरे’ ठरवलं.

सखाराम गणेश पंडित यांची कहाणी अधिक गुंतागुंतीची. नाव मराठी वळणाचं, जन्म अहमदाबादचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते अमेरिकेत गेले, १९१४ मध्ये लॉस एंजेलिसला नागरिक झाले आणि पुढे कॅलिफोर्नियात वकिली करू लागले. भगतसिंग थिंड या पंजाबी माजी सैनिकाची बाजू सर्वोच्च न्यायालयात त्यांनीच मांडली. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायमूर्ती सदरलँड यांनी निकाल दिला: शास्त्र काही म्हणो, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हिंदी माणूस गोरा नाही. थिंड यांचं नागरिकत्व गेलंच, आणि सरकारने आधी नागरिक झालेल्या हिंदी लोकांचीही प्रमाणपत्रं रद्द करून घ्यायला सुरुवात केली. त्या यादीत खुद्द वकील पंडित होते.

आपल्या खटल्यात पंडितांनी वंशाचा वाद बाजूला ठेवला. मला तुमच्याच न्यायालयाने रीतसर नागरिक केलं, सरकारने तेव्हा अपील केलं नाही. त्या कागदावर विसंबून मी मायदेशातले हक्क सोडले, वकिली उभी केली, एका अमेरिकी स्त्रीशी लग्न केलं. आता एवढ्या वर्षांनी तो कागद खोटा म्हणता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद. १९२६ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो मान्य केला, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील ऐकायला नकार दिला, आणि प्रमाणपत्रं रद्द करण्याची ती मोहीम थंडावली. हिंदी लोकांना नागरिक होण्याचा सरळ हक्क मिळायला मात्र २ जुलै १९४६ उजाडावा लागला. तो देणाऱ्या ल्यूस-सेलर कायद्याने भारताला वर्षाला शंभर जागा दिल्या.

त्या दरवाज्यातून पुढे गेलेल्यांत बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीत जन्मलेले श्री ठाणेदार आहेत. ते १९७९ मध्ये शिकायला अमेरिकेला गेले, १९८८ मध्ये नागरिक झाले आणि २०२३पासून मिशिगनमधून काँग्रेसचे सदस्य आहेत.

उलट्या वाटेने आलेले

बालाघाटला लागून असलेल्या मैकल डोंगररांगेने याची दुसरी बाजूही पाहिली आहे. ऑक्सफर्डचा व्हेरियर एल्विन १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला, गांधीजींच्या प्रभावाखाली गेला, आणि १९३२ मध्ये शामराव हिवाळे या मराठी सोबत्याबरोबर तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला येऊन राहिला. त्याच वर्षी इंग्लंडला गेला असता, राजकारणापासून दूर राहण्याची हमी घेतल्यावरच ब्रिटिश सरकारने त्याला परत येऊ दिलं. बैगांवरचा त्याचा ग्रंथ १९३९ मध्ये आला. बालाघाटच्या बैहर भागातले बैगा याच समाजाचे. एल्विन भारतीय नागरिक झाला १९५४ मध्ये, म्हणजे पहिलं पाऊल ठेवल्यापासून सत्तावीस वर्षांनी. मिनियापोलिसमध्ये जन्मलेल्या गेल ऑम्वेट संशोधनासाठी महाराष्ट्रात आल्या, भारत पाटणकरांशी लग्न करून सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या झाल्या आणि १९८३ मध्ये भारतीय नागरिक.

आणि वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. तरुणपणी क्रांतिकार्यासाठी देश सोडून ते जपानमार्गे अमेरिकेला पोचले, ओरेगनला शेतीशास्त्र शिकले, गदर या क्रांतिकारी संघटनेच्या पहिल्या फळीत राहिले, महायुद्धात इराणात लढले आणि १९२४ मध्ये मेक्सिकोत स्थिरावले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिशाळेत त्यांनी मका-गव्हाच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मुक्त शाळा काढल्या. दिएगो रिव्हेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं. स्वातंत्र्यानंतर परत यायचं म्हटल्यावर व्हिसा अडला, कारण ब्रिटिशांनी टाकलेली बंदी कागदोपत्री तशीच होती. ज्या राजवटीशी ते लढले ती गेली, पण तिची यादी नव्या सरकारच्या कपाटात शाबूत राहिली. शेवटी ते आले आणि १९६७ मध्ये नागपूरला वारले.

पासपोर्ट गेला, शेत कुठे गेलं?

आजच्या बालाघाटकराला परदेशी नागरिकत्वाची शपथ घेताना जो प्रश्न पडतो, तो इकडचा असतो. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. नागरिकत्व कायदा, १९५५च्या नवव्या कलमाप्रमाणे स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतल्या क्षणी भारताचं संपतं. वेगळा अर्ज नाही, मुदत नाही. त्यानंतर भारतीय पासपोर्ट वापरणं गुन्हा. तो जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं. सरकारने राज्यसभेत दिलेल्या आकड्यांनुसार २०११ मध्ये १,२२,८१९ भारतीयांनी नागरिकत्व सोडलं, २०२२ मध्ये २,२५,६२० जणांनी आणि २०२४ मध्ये २,०६,३७८ जणांनी.

त्या बदल्यात ओसीआय कार्ड मिळतं. सिंघवी समितीने २००२ मध्ये दुहेरी नागरिकत्वाची शिफारस केली होती; २००५च्या दुरुस्तीतून निघाला तो आयुष्यभराचा व्हिसा. मत नाही, निवडणूक लढवता येत नाही, घटनात्मक पद नाही. त्याउलट पीआर असलेला, भारतीय पासपोर्ट राखलेला माणूस मतदार असतो. २०१०च्या दुरुस्तीनंतर तो फॉर्म ६-अ भरून आपल्या गावच्या यादीत नाव घालू शकतो, फक्त मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन प्रत्यक्ष बूथवर यावं लागतं. टोरंटोहून वारासिवनीला मतदानापुरतं येणारे किती, हा वेगळा प्रश्न.

खरी धास्ती जमिनीची असते. २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला चिन्नोर तांदूळ पिकवणाऱ्या या जिल्ह्यात धानाची बांधी म्हणजे घराण्याची ओळख. ‘पासपोर्ट बदलला की शेत जातं’ ही समजूत गावोगाव आहे, आणि ती चुकीची आहे. परकीय चलनाचे नियम शेतजमीन विकत घेण्याची बंदी घालतात ती ओसीआयधारकावर आणि परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकावर सारखीच. म्हणजे ही दारं शपथेच्या दिवशी लागत नाहीत, परदेशी स्थायिक झाल्यावरच लागलेली असतात. वारशाने येणारी शेती मात्र दोघांनाही घेता येते. वडिलांमागे पटवाऱ्याकडे नामांतरण होतं, खसऱ्यात नाव चढतं. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीयालाच विकावी लागते.

परत यायचं ठरवलं तर? ओसीआयधारक म्हणून पाच वर्षं झालेली असावी लागतात आणि अर्जाआधीचे बारा महिने भारतात राहिलेलं असावं लागतं. कागद कलेक्टर ऑफिसातून भोपाळला आणि तिथून दिल्लीला केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातात. मंजुरीसोबत परदेशी नागरिकत्व सोडावं लागतं, म्हणजे ज्याच्यासाठी पाच-सात वर्षं दिवस जमवले, तेच. २०१५च्या दुरुस्तीने एक सवलत दिली: खास कारण असेल, तर या बारा महिन्यांत तुकड्यातुकड्याने मिळून तीस दिवसांपर्यंत देशाबाहेर गेलेलं सरकार माफ करू शकतं. एकतिसाव्या दिवसाची सोय कायद्यात नाही. मुलं तिकडे असलेल्या, निवृत्तीनंतर बालाघाटला येऊन राहू पाहणाऱ्या जोडप्याला नातवाच्या बारशाचं तिकीट काढताना हा आकडा समोर ठेवावा लागतो.